जुन्या गाड्या ठेवायला जागा शोधताय? ब्रोकरला फोन करायच्या आधी हे करा

चौथी-पाचवी जुनी गाडी दारात आली की बहुतेक जण एकच करतात, ब्रोकरला फोन लावतात, "हजार स्क्वेअर फुटांचा एखादा गाळा बघ रे". हा फोन यादीत बराच खाली यायला हवा. होतं काय, की गाळा मिळतो, डिपॉझिट जातं, गाड्या आत जातात आणि जूनच्या शेवटी कळतं की कोब्यातून ओल वर येतेय. नाहीतर मागच्या भिंतीला लावलेली अ‍ॅम्बेसेडर काढायची तर पुढच्या तीन गाड्या ढकलाव्या लागतायत आणि त्यातल्या एकीचे ब्रेक जाम झालेत.

खालचा क्रम मुंबई, पुणे, नाशिक आणि आसपासचा भाग डोळ्यापुढे ठेवून लिहिलाय, पाच ते पंधरा गाड्यांसाठी. दोनच गाड्या असतील तर एवढा खटाटोप नको, घराजवळ एक चांगलं बंद गॅरेज बघा आणि मोकळे व्हा.

टप्पा १: आधी गाड्या मोजा, आणि खऱ्या मोजा

कागद घ्या आणि लिहून काढा. घरासमोर उभ्या आहेत त्या सगळे लिहितात. पण पेंटरकडे दीड वर्ष पडलेली, मेकॅनिकच्या अंगणात इंजिन काढून ठेवलेली, सासरवाडीला शेडमध्ये झाकलेली, आणि पार्ट काढायला घेतलेली डोनर गाडी, या चार गाड्या यादीत येत नाहीत. पेंटर एक दिवस फोन करतो, "साहेब, घेऊन जा", तेव्हा जागा नसते. डोनर गाडी तर चालत्या गाडीइतकीच जागा खाते, कधी जास्तच, कारण तिची दारं आणि बॉनेट वेगळी पसरलेली असतात.

मग प्रत्येक गाडीपुढे तीनपैकी एक शेरा मारा: चालती (महिन्यातून दोनदा तरी रस्त्यावर), अधूनमधून (रॅली, लग्न, रविवार), पडून (काम बाकी). हे का, तर सगळ्या गाड्या एकाच जागी ठेवायला हव्यात असं कुणी सांगितलं नाहीये. चालत्या दोन-तीन घराजवळ महागड्या छोट्या जागेत आणि बाकीच्या लांब स्वस्त मोठ्या जागेत, असं केलं तर भाडंही कमी बसतं आणि चालवणंही होतं. सगळ्या लांब नेल्या की पहिले दोन महिने उत्साहाने जाणं होतं, मग गाड्या नुसत्या बसतात.

तपासा: यादीच्या शेवटी एक मोकळा खण (एका गाडीची जागा) धरलाय का? काम करायला, गाड्या पुढेमागे करायला आणि पुढची गाडी येणारच आहे म्हणून. (येणार नाही असं सगळेच म्हणतात.)

टप्पा २: मोजमाप, टेप घेऊन

आरसीवर किंवा नेटवर आहे त्यावर जाऊ नका, बंपर आणि आरसे धरून स्वतः मोजा. अंदाज यावा म्हणून सांगतो, प्रीमियर पद्मिनी साधारण ३.९३ मीटर लांब आणि १.४६ रुंद, अ‍ॅम्बेसेडर ४.३३ बाय १.६६, कॉन्टेसा जवळजवळ ४.६ मीटर, आणि साठच्या दशकातली इम्पाला ५.३ मीटरच्या आसपास लांब आणि २ मीटर रुंद. म्हणजे "सहा गाड्यांची जागा" हे वाक्यच निरर्थक आहे, कुठल्या सहा ते सांगा.

हिशोब असा करा: गाडीच्या लांबीत ०.९ मीटर मिळवा आणि रुंदीतही ०.९ मिळवा, म्हणजे दार उघडून माणूस अंग न चोरता उतरू शकतो. पद्मिनीला साधारण १२५ चौरस फूट, अ‍ॅम्बेसेडरला १४५, इम्पालाला १९५. ही झाली फक्त उभी राहायची जागा. गाडी काटकोनात वळवून खणात घालायची तर मधे ६ मीटरची वाट लागते, आणि ती धरली की प्रत्येक अ‍ॅम्बेसेडरला वाटेच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर २३० आणि एकाच बाजूला लावल्या तर ३१० चौरस फूट लागतात. हजार स्क्वेअर फुटांत किती गाड्या बसतील ते आता तुम्हीच बघा.

वाट न सोडता एकामागे एक लावल्या तर जास्त मावतात हे खरं, पण मग नियम एकच ठेवा: कुठलीही गाडी बाहेर काढायला जास्तीत जास्त एक गाडी हलवावी लागली पाहिजे. दोनवर गेलात की मागची गाडी वर्षभर हलत नाही.

स्पेअर पार्टचं विसरू नका. काचा, ग्रिल, दारं, एखादं जादाचं इंजिन, टायर यासाठी एक भिंत रॅकला जाते, म्हणजे त्या बाजूचे दोन-अडीच फूट गेले.

टप्पा ३: पट्टा ठरवा, पत्ता नंतर

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक अंतर बघतात, पाऊस बघत नाहीत. लोणावळ्याला बंगला आहे म्हणून गाड्या तिथे नेणारे मुंबईत कमी नाहीत, आणि लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात साधारण ७००. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज धरायचा वेग वाढतो, आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती ९०च्या खाली येतच नाही असे आठवडे जातात. घाट ओलांडून पूर्वेला सरकलात की फरक पडतो. पुणेकरांनी सासवड, शिक्रापूर, यवतच्या बाजूला बघावं, नाशिककरांनी इगतपुरीऐवजी सिन्नरकडे. मुंबईकरांची अडचण खरी आहे, भिवंडी, पनवेल, तळोजा सगळं दमटच, तिथे मग जागा बंदिस्त करून हवा कोरडी ठेवणं हाच उपाय (टप्पा ७ बघा). अलिबाग, उरण, वसईत समुद्राच्या अगदी जवळचं नको, खारा वारा क्रोम खातो.

दुसरी गोष्ट पूर. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. जागा लाल रेषेच्या बाहेर हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं. तिन्ही वेळा खाली उभ्या असलेल्या गाड्या गेल्या. भिवंडीत कामवारी नदीच्या बाजूची गोडाऊनं स्वस्त मिळतात ती उगाच नाही.

तिसरी गोष्ट जमीन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उभ्या केलेल्या शेडचा कोबा तडकतो आणि तड्यांतून ओल येते. मुरमाड, थोडी उंचावरची जागा बघा. शेजारी कालवा किंवा बारमाही उसाचं भिजणं असेल तर आणखी जपून.

इशारा: घरापासून तासाभरात पोचता येईल तेवढंच लांब जा. त्यापलीकडे "दर रविवारी जाईन" हे होत नाही.

टप्पा ४: जागेचा प्रकार

इंडस्ट्रियल गाळा. पाचसहा गाड्यांना सगळ्यात बरा. कोबा, शटर, वीज, वॉचमन सगळं तयार असतं. शेजारी काय चालतं ते बघा. पावडर कोटिंग, प्लेटिंग किंवा अ‍ॅसिडचं काम असेल तर त्या वाफा तुमच्या गाड्यांवर बसणार. फर्निचरवाला असेल तर आगीची भीती.

गोडाऊन. दहाच्या वर गाड्या असतील तर. उंची चांगली असते, पण पत्रा तापतो, आणि बाकीच्या भागात धान्य किंवा पेंड असेल तर उंदीर-घुशी ठरलेल्या.

शेतातली शेड. स्वस्त, मोकळी, आणि सगळ्यात जास्त काम मागणारी. राखणदार कुटुंबासकट राहत असेल तरच विचार करा.

सोसायटीचं पार्किंग. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालचं, खांबांमधलं) स्वतंत्रपणे विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, त्यामुळे शेजाऱ्याकडून "विकत" घेतलेल्या स्लॉटवर भिस्त ठेवू नका. बेसमेंट असेल तर त्यातला पाणी उपसायचा पंप वीज गेल्यावर कशावर चालतो ते विचारा.

स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायची सोय. इथे उंची मारते. सेडानच्या पॅलेटला (गाडी ज्या फळीवर उभी राहते ती) बऱ्याच ठिकाणी १.५५ मीटरचीच उंची असते, पद्मिनी आरामात बसते, अ‍ॅम्बेसेडर १.६ मीटरच्या घरात असल्याने अडकते, आणि जीपचा तर प्रश्नच नाही. पॅलेटवर किती किलो चालतं ते प्लेटवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

टप्पा ५: जागेवर जाऊन तपासणी

दोनदा जायचं. एकदा भर दुपारी, एकदा पावसात. पावसाळा लांब असेल तर मालकाला टँकर सांगून छतावर आणि भिंतींवर पाणी मारून बघायला तयार करा, नाही म्हणाला तर ते उत्तरच समजा.

दुपारी आत जा, शटर पूर्ण खाली घ्या, दिवे बंद करा आणि दोन मिनिटं डोळे सरावू द्या. मग वर बघा. पत्र्यात जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. बहुतेक ठिपके हुकबोल्टच्या वॉशरपाशी आणि मधल्या कोनाच्या सांध्याला असतात. एक-दोन असतील तर दुरुस्ती होते, चांदण्या दिसल्या तर दुसरी जागा बघा. आता भिंतीच्या खालच्या दोन फुटांकडे टॉर्च आडवा धरून बघा. पाण्याची रेघ, फुगलेला चुना, नुकताच मारलेला ऑइलपेंटचा पट्टा. नवा पट्टा फक्त खालीच का मारलाय हे विचारायला लाजू नका.

मग कोबा. ४५ सेंटिमीटरचा चौकोनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, फरशीवर ठेवून चारही बाजू रुंद टेपने बंद करा, असे तीन तुकडे तीन ठिकाणी, एक मधोमध, एक मागच्या भिंतीपाशी, एक शटरजवळ. दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब असतील किंवा कोबा तेवढाच काळपट पडला असेल तर जमिनीतून ओल येतेय. एप्रिलमध्ये पास झालं म्हणजे ऑगस्टमध्ये होईल असं नाही, म्हणून पावसातली फेरी महत्त्वाची.

बाहेर या आणि जोत्याची उंची बघा. बाहेरच्या रस्त्यापासून दीड फूट तरी वर हवं. जुन्या इस्टेटींमध्ये रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो आणि गाळा वर्षागणिक खड्ड्यात जातो, मालकाला आठवत असतं ते बांधलं तेव्हाचं जोतं. पाणी कधी आलं होतं हे मालकाला विचारण्यात अर्थ नाही, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला आणि शेजारच्या वॉचमनला विचारा, ते तारखेसकट सांगतात.

येण्याजाण्याचा रस्ता. फ्लॅटबेड ट्रक (गाडी पाठीवर घेऊन जाणारा) दारापर्यंत येऊन वळू शकतो का, वर वीजेच्या तारा किती खाली आहेत, गेट निदान १० फुटांचं आहे का. ज्या गाडीची नोंदणी किंवा पीयूसी संपलंय ती चालवत आणता येणार नाही, फ्लॅटबेडवरूनच येणार, आणि फ्लॅटबेड गल्लीच्या तोंडाशी अडकला तर गाडी दोनशे मीटर ढकलत आणायला माणसं शोधा. उतार असेल तर सगळ्यात लांब आणि खालून बसकी गाडी एकदा खरीच चढवून बघा.

लिफ्ट लावून दोन मजली ठेवायचा विचार असेल तर छताची उंची तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, पत्र्यापर्यंत नाही. चार खांबांच्या लिफ्टवर दोन सेडान ठेवायला साडेअकरा-बारा फूट तरी लागतात, आणि खाली निदान ४ इंची धड काँक्रीट हवं, नुसता सिमेंटचा पोपडा चालत नाही.

तपासा: मोबाईलला रेंज आहे का? कॅमेरे लावणार असाल तर त्यावरच सगळं आहे.

टप्पा ६: कागद, मग पैसे

टोकन देण्याआधी मालकी बघा. शेतातली शेड असेल तर सातबारा आणि जमीन बिगरशेती झालीय का, एमआयडीसीतला गाळा असेल तर पोटभाड्याने द्यायची परवानगी मालकाकडे आहे का. नसेल तर नोटीस त्याला येते आणि गाड्या तुम्हाला हलवाव्या लागतात.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, मुदत ६० महिन्यांपर्यंत घेता येते. सगळे सवयीने ११ महिने लिहितात. दहा जुन्या गाड्या दर ११ महिन्यांनी हलवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. ३६ महिने मागा, भाडेवाढ आत्ताच लिहून घ्या, आणि मालकाला मधेच काढता येणार नाही असा लॉक-इन घाला. मालक जीएसटीत असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के वेगळे, ते हिशोबात धरा.

करारात हे शब्द असू द्या: वाहनं ठेवणं आणि किरकोळ देखभाल हा वापर, चोवीस तास येण्याजाण्याची मुभा, छताची दुरुस्ती कोण करणार, आणि लिफ्ट किंवा रॅक जाताना काढून न्यायचा हक्क.

विमा कंपनीला नव्या जागेचा पत्ता लेखी कळवा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे फोटो आणि बिलं दाखवून आकडा भांडून घ्या, एजंटने टाकलेला वीस हजारांचा आकडा मान्य करू नका.

टप्पा ७: गाड्या येण्याआधी जागा तयार करा

गाड्या एकदा आत आल्या की कोबा करता येत नाही, म्हणून हे आधीच.

पहिल्यांदा ठरवा, जागा बंदिस्त ठेवायची की हवेशीर. बंदिस्त म्हणजे फटी बुजवून, छताला आतून इन्सुलेशन देऊन डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावायचा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास धरायची. हवेशीर म्हणजे आडव्या झडपा, वर टर्बो व्हेंट (छतावरचा वाऱ्याने फिरणारा पंखा) आणि सतत खेळती हवा. कोकण-मुंबईत पहिलं, पुण्याच्या पूर्वेला दुसरं चालतं. अर्धवट मात्र नको. शटरखाली चार इंच फट ठेवून डिह्युमिडिफायर लावला तर तो अख्ख्या तालुक्याची हवा कोरडी करत बसतो आणि बिल तुम्ही भरता.

ओल येणाऱ्या कोब्यावर थेट एपॉक्सीचा लेप मारू नका, फुगून निघतो. २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरून वर नवं काँक्रीट, हा खर्चाचा पण टिकाऊ मार्ग. भाड्याच्या जागेत तेवढं करायचं नसेल तर निदान प्रत्येक गाडीखाली तोच कागद आणि वर रबर मॅट.

झडपा आणि पाइपांच्या भोकांना बारीक लोखंडी जाळी मारा. उंदरांना विष घालू नका, मेलेला उंदीर डॅशबोर्डमागे सापडतो आणि वास सीटमधून जात नाही. पिंजरे लावा, रोज बघायला माणूस ठेवा.

वायरिंगला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), दाराजवळ आणि मागे अग्निशामक. ड्राय पावडर आग विझवते पण नंतर ती पावडर गाडीचं लोखंड खाते, परवडत असेल तर एक क्लीन एजंट (मागे काही न उरणारा) सिलिंडर ठेवा. आत पेट्रोलचे कॅन आणि वेल्डिंग, दोन्ही बंद.

टप्पा ८: गाड्या आत लावायचा क्रम

आधी जमिनीवर रंगाने खण आखा, मग गाड्या. "पडून" गाड्या सगळ्यात आधी आणि मागे, त्यातली चाकं न फिरणारी कॅस्टरच्या ट्रॉलीवर. मग अधूनमधूनच्या. चालत्या शेवटी, दाराशी. सगळ्यांची तोंडं दाराकडे, आग किंवा पाणी आलं तर रिव्हर्स घ्यायला वेळ नसतो. भिंतीपासून दोन फूट सोडा, हवा फिरते आणि भिंतीकडेने पळणारे उंदीरही दिसतात.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरीची अर्थची केबल काढा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अर्थ पॉझिटिव्हला असते, तेव्हा रंगावर न जाता बॉडीला कुठली केबल जाते ते बघा. सहा महिन्यांच्या वर उभी राहणार असेल तर अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधा, कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं, वर्षभर पडून राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामीच केलेली बरी.

कव्हर सुती घ्या. प्लॅस्टिकचं कव्हर बंद जागेत सुद्धा आत घाम धरतं.

इशारा: दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं गाडीला वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालवायची तर २५-३० मिनिटं नीट तापेपर्यंत, नाहीतर हात लावू नका.

टप्पा ९: पहिला पावसाळा

दोन आर्द्रतामापक लावा, एक दाराशी, एक सगळ्यात कोंदट कोपऱ्यात, आणि भिंतीवर एक तक्ता: गाडी, शेवटची चालवल्याची तारीख, बॅटरी, विमा कधी संपतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्याच दिवशी जा. नंतर सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला कुणीतरी जाऊन आकडे लिहावेत, राखणदाराला फोटो पाठवायला सांगितलं तरी चालेल, फक्त मापकाचा फोटो हवा, "सगळं ओके साहेब" नको.

कोंदट कोपऱ्यातला आकडा सलग दोन आठवडे ७० च्या वर राहिला, किंवा सीटच्या शिवणीवर पांढरी बुरशी दिसली, तर पाऊस थांबायची वाट न बघता तिथल्या दोन गाड्या आधी बाहेर काढा आणि मोकळ्या खणात, पंख्यासमोर लावा. ऑक्टोबरमध्ये कोबा पुन्हा प्लॅस्टिकने तपासा आणि दुरुस्तीची यादी मालकाला लेखी द्या, छताचं काम मेच्या आत व्हायला हवं असेल तर तो फोन दिवाळीआधीच करावा लागतो.